टाकी वाहतेय, कुणाची?

सकाळी सात वाजता आमच्या होस्टेलवर दोन आवाज ठरलेले. एक मेसमधल्या भांड्यांचा आणि दुसरा गच्चीवरची टाकी भरून वाहू लागल्याचा! पाणी धो धो खाली, पार्किंगमध्ये तळं, आणि त्या तळ्यावरून उड्या मारत आम्ही भावी इंजिनिअर लेक्चरला. 'करेल कुणीतरी मोटर बंद' असं प्रत्येकजण म्हणायचा. मीसुद्धा.

मित्रांनो, मी मूळचा लातूरचा, म्हणून हे सांगताना जास्तच लाज वाटते. २०१६ च्या उन्हाळ्यात मी शाळेत होतो. मार्च महिन्यात शहरातल्या पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लागू झाली होती, पाण्यावरून हाणामाऱ्या होऊ नयेत म्हणून! १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली. दहा वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी. घरी भाजी धुतलेलं पाणीसुद्धा आई जपून ठेवायची. तांब्या लवंडला की पाठीत धपाटा ठरलेला. आणि तोच मी आता तळ्यावरून उड्या मारत होतो. असं का झालं? विचार केल्यावर एकच उत्तर सापडलं. घरची बादली 'आमची' होती, इथली टाकी 'होस्टेलची' आहे.

एका रविवारी मी आणि माझा रूम पार्टनर २० लिटरची बादली घेऊन त्या पाइपाखाली उभे राहिलो. बादली २५ सेकंदांत भरली. म्हणजे मिनिटाला ४८ लिटर. मोटर बंद व्हायला रोज साधारण ४० मिनिटं उशीर होत होता. करा गुणाकार... १९२० लिटर! शहरी पाणीपुरवठ्यासाठी आपण पुस्तकात माणशी रोज १३५ लिटर धरतो. त्या हिशेबाने १४ माणसांचं दिवसभराचं पाणी आम्ही रोज चहा व्हायच्या आत गटारात सोडत होतो.

मग आमच्यातला इंजिनिअर जागा झाला. वर्गणी काढून टाकीत सेन्सर बसवला, टाकी भरली की मोटर आपोआप बंद. दोन महिने मस्त गेले. नंतर एक दिवस सेन्सरची वायर तुटली. पुन्हा तळं, पुन्हा सगळ्यांच्या उड्या! चार दिवसांनी मी मामांना विचारलं, "मामा, सांगितलं का नाही?" मामा म्हणाले, "आता ते तुमचं ऑटोमॅटिक आहे ना रे? मला वाटलं, तुम्ही बघताय."

मामांचं काय चुकलं? आम्ही मशीन बसवलं, पण जबाबदारी कुणाची हे ठरवलंच नव्हतं.

ते ठरवलेलं बघायचं असेल तर हिवरे बाजारला जावं. अहिल्यानगर जिल्ह्यातलं, दुष्काळी पट्ट्यातलं हे गाव. पोपटराव पवार सरपंच असताना गावाने श्रमदान केलं, डोंगरावर चर खणले, झाडं लावली, हे आपण शाळेपासून ऐकतो. पण खरी गंमत पुढे आहे. पाऊस किती पडला, विहिरींना पाणी किती आहे याची मोजणी होते आणि ग्रामसभेत वर्षाच्या पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. आधी माणसांच्या आणि जनावरांच्या पिण्याचं पाणी, मग शेती. पाऊस कमी झाला तर कोणती पिकं घ्यायची नाहीत हेही तिथेच ठरतं. शेतीसाठी बोअरवेल नाही, उसासारखं तहानलेलं पीक नाही. हे नियम सगळ्यांनी मिळून केले, म्हणून ते पाळले जातात. चर तर कुठल्याही गावात खणता येतील हो, पण हिशेब सगळ्यांसमोर मांडायला धाडस लागतं!

आम्ही त्याचीच छोटी नक्कल केली. नोटीस बोर्डावर तक्ता लावला. दर आठवड्याला एका रूमची पाळी. रोज मीटरचं रीडिंग लिहायचं आणि सेन्सर तपासायचा. मामांकडे त्या रूमचा फोन नंबर. परीक्षेच्या काळात तक्त्याचे चार दिवस कोरे राहिले, हेही कबूल करतो. पण कोरा रकाना सगळ्यांना दिसतो, आणि कुणीतरी ओरडतं, "रूम नंबर १२, झोपलात काय?" तळं मात्र पुन्हा झालेलं नाही.

आता पुढचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १००० चौरस मीटर गच्चीवर पावसाळ्यात ७०० मिलिमीटर पाऊस पडला, तर ७ लाख लिटर. २० टक्के वाया गेलं असं धरलं तरी ५ लाख ६० हजार लिटर उरतं. लातूरच्या त्या पहिल्या रेल्वेत होतं त्यापेक्षा जास्त! आणि एवढं पाणी आपल्या डोक्यावरून दरवर्षी फुकट वाहून जातं.

तेव्हा मित्रांनो, 'पाणी वाचवा' अशी आणखी पोस्टर्स नकोत. आपापल्या होस्टेलची, सोसायटीची टाकी कधी भरते, किती वाहते आणि ती बघणं या आठवड्यात कुणाकडे आहे, एवढं लिहून भिंतीवर लावा. पहिलं नाव स्वतःचं टाका. बादली हवी असेल तर आमच्या रूमवर आहे, कधीही घेऊन जा!