चाळीस मिनिटांची मुदत

कंटाळवाणा सिनेमा सोडून कधी उठावं, याचा निर्णय अंधारात बसून नीट होत नाही. तो तिकीट काढतानाच अर्धा करून ठेवावा लागतो.

जून १९४४. आगाखान पॅलेसमधल्या कैदेतून गांधीजी ६ मे रोजी सुटले होते. मलेरियानं अंगातली ताकद गेली होती, म्हणून सेवाग्रामला परतण्याआधी विश्रांतीसाठी ते जुहूला मुक्कामाला होते. तिथे त्यांना विजय भट्ट यांचा 'रामराज्य' दाखवायचं ठरलं. शोभना समर्थ आणि प्रेम अदीब यांचा हा चित्रपट १९४३ साली हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत निघाला होता. गांधीजींची प्रकृती पाहता चाळीस मिनिटांची वेळ ठरली. प्रत्यक्षात ते नव्वद मिनिटं बसले, असं या खेळाविषयी सांगितलं जातं.

गांधीजींना सिनेमाची मुळीच ओढ नव्हती. १९२७ मध्ये सरकारच्या सिनेमाविषयक समितीनं प्रश्नावली पाठवली, तेव्हा आपण सिनेमा कधी पाहिलेलाच नाही, असं त्यांनी कळवलं होतं. या माध्यमाविषयीचं त्यांचं मत इतकं कडक होतं, की १९३९ मध्ये ख्वाजा अहमद अब्बास यांनी 'फिल्मइंडिया' मासिकातून त्यांना खुलं पत्र लिहून सिनेमाची बाजू मांडली. जुहूलाच 'रामराज्य'च्या थोडे दिवस आधी त्यांना 'मिशन टू मॉस्को' हा अमेरिकन चित्रपट दाखवला होता. त्यातली नाचाची दृश्यं त्यांना रुचली नाहीत, अशी आठवण सांगतात. तरीही पुढच्या चित्रपटाला त्यांनी वेळ दिला, आणि तो मोजून दिला. ती वेळ संपल्यावर, बसावंसं वाटलं म्हणून बसले.

आधी मुदत आणि मुदत संपली की नव्यानं विचार, हा क्रम मला फार मोलाचा वाटतो. आपल्यापैकी बहुतेकांच्या हातून तो सुटतो. आपण मुदत न ठरवताच आत शिरतो. मग तासाभरानं जांभया येऊ लागल्या, की 'आता एवढं पाहिलंच आहे, तर पूर्ण पाहू' असं म्हणून उरलेले दोन तासही घालवतो.

देल्ले नं पैसे!

आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात कुणी सिनेमा अर्धवट टाकून उठू लागला, की शेजारचा हमखास म्हणतो, "काहून चालला बे? पैसे देल्ले नं!" या एका वाक्यात अर्थशास्त्रातलं मोठं प्रकरण सामावलं आहे. जो खर्च होऊन गेला आणि काही केलं तरी परत येणार नाही, त्याला बुडीत खर्च म्हणतात. तिकिटाचे पैसे खिडकीवरच गेले. शेवटपर्यंत बसलो तरी ते परत येत नाहीत आणि उठून गेलो तरी जास्त जात नाहीत. म्हणजे निर्णयापुरती त्या पैशांची बाजू दोन्हीकडे सारखीच. खरा प्रश्न पुढच्या वेळेचा आहे. मनाला मात्र हा हिशेब पटत नाही. अर्धवट उठणं म्हणजे पैसे वाया गेल्याची जाहीर कबुली दिल्यासारखं वाटतं, आणि ती टाळण्यासाठी आपण वर वेळही वाया घालवतो.

हे किती खोल रुजलेलं आहे, याचा पडताळा हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर या संशोधकांनी घेतला. त्यांचा शोधनिबंध १९८५ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात हंगामाची तिकिटं घ्यायला आलेल्या काही लोकांना त्यांनी, कुणाला काय मिळेल हे नशिबावर सोडून, वेगवेगळ्या दरानं तिकिटं दिली. काहींना पूर्ण १५ डॉलरला, काहींना १३ ला, तर काहींना ८ ला. नाटकं तीच, खुर्च्या त्याच. हंगामाच्या पहिल्या अर्ध्या भागात पूर्ण पैसे भरलेल्यांनी सरासरी चार नाटकं पाहिली. सवलत मिळालेल्या दोन्ही गटांची सरासरी तीनच्या थोडी वर राहिली. नाटकाचा आनंद काही तिकिटाच्या दरावर ठरत नाही, तरी ज्याचे जास्त पैसे गेले, तो जास्त वेळा गेला. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. हंगामाच्या उरलेल्या भागात हा फरक जवळजवळ मावळला. पैशांची टोचणी काही महिन्यांनी बोथट होते. सिनेमाला मात्र एवढे महिने मिळत नाहीत. खिडकीवर पैसे मोजल्यावर तासाभरातच निर्णय घ्यायचा असतो, आणि नेमकी तेव्हाच ती टोचणी सगळ्यात तीव्र असते.

मृगाची पेरणी

आपल्या भागातला शेतकरी हाच प्रश्न दरवर्षी शेतात सोडवतो, आणि तिथे चुकीची किंमत कितीतरी मोठी असते. मृगाच्या पहिल्या पावसावर कपाशी लावली, मग पावसानं ओढ दिली. आठ-दहा दिवसांनी धुऱ्यावर उभं राहून तो काय पाहतो? बियाण्याच्या पाकिटाची किंमत त्या घडीला उपयोगाची नसते. तो तासातासानं, म्हणजे ओळीओळीनं, चालत जातो आणि किती झाडं उगवली, किती जागा रिकाम्या राहिल्या ते पाहतो. उगवण बरी असेल तर नांग्या भरून पीक राखायचं, आणि फारच विरळ असेल तर मोडून दुबार पेरणी करायची. झालेला खर्च त्याला टोचत नाही असं नाही, फार टोचतो. पण पुढचा हंगाम हातात राहायचा असेल, तर शेतात आज काय उभं आहे, यावरूनच ठरवावं लागतं.

सिनेमागृहात हीच नजर लावायची. तिकीट कितीचं होतं, ते विसरायचं. आतापर्यंत जे पाहिलं त्यात काय उगवलं आहे, ते पाहायचं. एखादं तरी पात्र असं आहे का, ज्याचं पुढे काय होईल याची काळजी वाटते? एखादा प्रश्न मनात उभा राहिला आहे का? दिग्दर्शक काय दाखवतो आहे, ते टिपावंसं वाटतं का? यातल्या एकाचं जरी उत्तर 'हो' आलं, तरी थांबण्यात अर्थ आहे. सगळीकडे 'नाही' आलं, तर पुढच्या तासाभरात चमत्कार होईल या आशेवर बसू नये.

इंटरवलचा उपयोग

हा निर्णय घ्यायला आपल्याकडे एक हक्काची जागा आहे, ती म्हणजे इंटरवल. भारतीय सिनेमानं मध्यंतराची प्रथा टिकवून ठेवली. काही लांबलचक चित्रपटांना तर दोन-दोन इंटरवल असत. राज कपूर यांच्या 'संगम' (१९६४) आणि 'मेरा नाम जोकर' (१९७०) या चित्रपटांना तशी दोन मध्यंतरं होती. इंटरवलला दिवे लागतात, माणसं उठून पाय मोकळे करतात, बाहेर चहा-समोशाची गर्दी होते. या वेळी उठून गेलं तर कुणाच्या गुडघ्यांना धक्का लागत नाही, कुणाच्या डोळ्यांसमोर आपलं डोकं येत नाही. आणि पडदा बंद असल्यामुळे मन थोडं अलिप्त होऊन विचार करू शकतं. सहा ते नऊच्या खेळाला गावाहून आलेल्या माणसाला तर इंटरवललाच शेवटच्या एसटीचा हिशेब करावा लागतो. घरी पोहोचायला किती वाजतील, हा विचार करताना समोरच्या सिनेमाची खरी किंमत आपोआप कळते.

उरलेल्या वेळेला पैशांत मोजण्याचा एक प्रयोग अलीकडे झाला. पीव्हीआर आयनॉक्स या साखळीनं डिसेंबर २०२४ मध्ये दिल्ली आणि गुरुग्राममध्ये अशी सोय जाहीर केली, की तिकिटाला दहा टक्के जास्त मोजायचे आणि मधेच उठलं तर काही पैसे परत घ्यायचे. चित्रपटाचा पाऊण भागाहून जास्त हिस्सा उरला असेल तर साठ टक्के, अर्ध्याहून जास्त उरला तर पन्नास टक्के, पाव ते अर्धा उरला तर तीस टक्के. या योजनेत मला सगळ्यात मोलाची वाटते ती तिची दृष्टी. किती पाहून झालं यापेक्षा किती उरलं आहे, यावर तिचा हिशेब चालतो. प्रेक्षकानंही मनात तसाच हिशेब मांडावा.

संथ म्हणजे कंटाळवाणा नव्हे

इथे एक सावधगिरी हवी. संथ चित्रपट आणि पोकळ चित्रपट यांत फरक करता आला नाही, तर उत्तम कलाकृती आपण हातानं गमावतो.

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' घ्या. व्हेनिस महोत्सवात २०१४ साली गौरवला गेलेला, पुढे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळालेला हा चित्रपट. त्यात लोकशाहीर नारायण कांबळेची भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी केली. कॅमेरा बहुतेक वेळा एका जागी स्थिर. कोर्टात तारखा पडतात, कलमं वाचली जातात, माणसं ताटकळतात. घाईच्या प्रेक्षकाला हे रटाळ वाटू शकतं. पण ते ताटकळणं हाच चित्रपटाचा विषय आहे. शेवटाकडे सुट्टी लागते, कोर्टरूम रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडद्यावर अंधार पसरतो. चित्रपट संपला असं वाटून पिशवी सावरायला घ्यावी, असा तो क्षण. पण चित्रपट संपलेला नसतो. पुढे न्यायाधीश कुटुंबासह सहलीला गेलेले दिसतात, आणि त्या हलक्याफुलक्या वाटणाऱ्या प्रसंगांतून आधीच्या सगळ्या सुनावण्यांचा अर्थ अधिक गडद होतो. अंधार झाला म्हणून जो उठला, त्याचा 'कोर्ट' अर्धाच राहिला.

मग फरक ओळखायचा कसा? कॅनडातल्या यॉर्क विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ जॉन ईस्टवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची मांडणी केली. तिचा आशय असा, की मनाला कशात तरी गुंतायचं असतं, पण लक्ष कुठेच लागत नाही, त्या अस्वस्थ अवस्थेला कंटाळा म्हणायचं. म्हणजे कंटाळा वेगाशी बांधलेला नाही, तो लक्षाशी बांधलेला आहे. संथ चित्रपटात लक्षाला जागा मिळते: चेहरा, खिडकी, दूरचा आवाज, बाकावर बसून राहिलेला माणूस. पोकळ चित्रपटात मारामारी आणि गाणी एकामागून एक आली तरी लक्ष टेकायला जागा सापडत नाही.

या मांडणीत आपल्यासाठीही एक प्रश्न आहे. लक्ष लागत नाही ते चित्रपटामुळे, की आपण दिवसभर कामानं पिचून आलो आहोत म्हणून? सोयाबीनची सोंगणी करून आलेल्या माणसाला रात्री नऊच्या खेळाला डुलकी लागली, तर त्यात दिग्दर्शकाचा दोष नाही. अशा वेळी उठून घरी जावं, झोपावं आणि तोच चित्रपट दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. सोडणं आणि पुढे ढकलणं हे दोन वेगळे निर्णय आहेत.

घरचा पडदा

मोबाइल आणि ओटीटीनं हा प्रश्न उलटा केला आहे. टॉकीजमध्ये आपण गरजेपेक्षा जास्त बसतो, घरी गरजेपेक्षा लवकर उठतो. महिन्याचे पैसे एकदाच भरलेले, पुढचा चित्रपट एका बोटाच्या अंतरावर, मग पाच मिनिटांत मन न रमलं की बदल. अशा रीतीनं संध्याकाळ चार चित्रपटांच्या सुरुवाती पाहण्यात जाते आणि एकाचीही गोष्ट हाती लागत नाही.

दोन्हीकडे इलाज एकच आहे: आधी ठरवलेली मुदत. टॉकीजमध्ये ती आपल्याला वेळेवर उठवते, घरी ती आपल्याला पुरेसा वेळ बसवते. कितीची ठेवायची, ते ज्यानं त्यानं ठरवावं. दोन-अडीच तासांच्या चित्रपटाला चाळीस मिनिटं मला रास्त वाटतात. तेवढ्या वेळात पात्रांची ओळख होते, गोष्टीचा पेच कळतो आणि दिग्दर्शकाची भाषा कानाला सरावते. तोवर फोन बाजूला ठेवावा. त्यानंतर वर लिहिलेले प्रश्न मनाला विचारावेत आणि उत्तर येईल तसं वागावं.

सोबतची माणसं

सिनेमा आपण बहुधा एकट्यानं पाहत नाही. म्हातारी आई वर्षातून एखाद्या वेळी टॉकीजला आली आहे आणि पडद्यावरच्या प्रसंगानं तिच्या डोळ्यांत पाणी आलं आहे, तर आपला कंटाळा बाजूला ठेवावा. तिच्या शेजारी बसणं हाच त्या वेळेचा उत्तम उपयोग. पण मित्रांच्या घोळक्यात पुष्कळदा सगळेच कंटाळलेले असतात आणि एकमेकांसाठी म्हणून बसून राहतात. प्रत्येकाला वाटतं, दुसऱ्याला आवडतंय. म्हणून मुदत मनातल्या मनात न ठेवता आधीच बोलून ठेवावी: "इंटरवलला एकमेकांना विचारू." मग उठणाऱ्याला संकोच नाही, थांबणाऱ्याला राग नाही.

अर्धवट उठणं हा चित्रपट करणाऱ्यांचा अपमान आहे, असं काही जण मानतात. मला तसं वाटत नाही. नाइलाजानं बसलेल्या, मोबाइलच्या उजेडात चेहरा लपवलेल्या प्रेक्षकांनी भरलेलं सभागृह कुठल्या कलावंताला हवं असेल? मुदत देणारा प्रेक्षक त्या मुदतीपुरतं पूर्ण लक्ष देतो, आणि त्यानंतर थांबला तर स्वतःच्या मर्जीनं थांबतो. पुढच्या वेळी तिकीट काढताना मुदत ठरवा आणि सोबतच्यांना सांगून ठेवा. उठायची मोकळीक आहे हे माहीत असलं, की बसून पाहिलेला चित्रपटही जास्त मनापासून पाहिला जातो.