पाच डॉलर, दोन तास आणि खाण्याचे रातकिडे

अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात टीना सीलिग या प्राध्यापिकेने वर्गातल्या प्रत्येक गटाला एकेक पाकीट दिलं. आत भांडवल होतं पाच डॉलर. डोकं खाजवायला चार दिवस, पण एकदा पाकीट फोडलं की दोन तासांत जमेल तेवढी कमाई करायची. मग वर्गासमोर तीन मिनिटांत हिशेब सांगायचा.

एका गटाने शनिवारी रात्री गर्दी होणाऱ्या हॉटेलांत टेबलं आधीच राखून ठेवली आणि बाहेर ताटकळलेल्या मंडळींना ती विकली. दुसऱ्या गटाने सायकलींच्या टायरमधली हवा फुकट तपासायला सुरुवात केली. हवा भरायची तर एक डॉलर. मग त्यांनी ठरावीक भाव सोडून ‘मनाला येईल ते द्या’ म्हटलं, तर गल्ला आणखी वाढला! सर्वांत जास्त म्हणजे 650 डॉलर कमावणाऱ्या गटाला मात्र घाम गाळावाच लागला नाही. वर्गासमोर बोलायची आपली तीन मिनिटंच त्यांनी एका कंपनीला विकली. कंपनीला याच विद्यार्थ्यांना नोकरीवर घ्यायचं होतं, म्हणजे समोर बसलेला वर्ग हाच खरा माल. सगळ्यात जास्त कमावणाऱ्यांनी पाकिटातल्या पाच डॉलरना हातही लावला नव्हता.

विद्यार्थ्यांच्या अशा गटवार धंदेवाईक स्पर्धांत बक्षिसाचा आकडा मोठा होत गेला तो असा. एमआयटीमध्ये 1990 साली ‘टेन-के’ म्हणजे दहा हजार डॉलरची स्पर्धा निघाली. पुढे ती ‘फिफ्टी-के’ झाली आणि 2006 मध्ये ‘हंड्रेड-के’. महागाई वाढली की स्पर्धेचं नाव बदलायचं, असा मामला.

या स्पर्धेचा माझा सर्वांत आवडता किस्सा 1998 चा. डॅनी लेविन हा विद्यार्थी आणि टॉम लेटन हे गणिताचे प्राध्यापक एक कल्पना घेऊन उतरले. वेबसाइट लांबच्या एकाच सर्व्हरवरून मागवण्याऐवजी तिच्या प्रती जगभर ठेवायच्या आणि ज्याला त्याला जवळची प्रत द्यायची. गट अंतिम फेरीत पोहोचला. पण जिंकला नाही. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 1999 मध्ये, त्यांची अकामाई ही कंपनी शेअर बाजारात आली. 26 डॉलरला विकलेला शेअर पहिल्याच दिवशी 145 वर बंद झाला. हॉटस्टारवर लाखो लोकांनी एकाच वेळी आयपीएल पाहिली, त्यामागे याच कंपनीची यंत्रणा होती. आणि 1998 ची ती स्पर्धा जिंकली कोणी? ‘डायरेक्ट हिट’ नावाचं सर्च इंजिन. ते काय होतं, हे आज गुगलवर शोधावं लागतं.

या सगळ्याची पणजी शोभेल अशी स्पर्धा टेक्सास विद्यापीठाची. कायद्याची पोरं खोटं कोर्ट (‘मूट कोर्ट’) भरवून वकिलीचा सराव करतात, तर आपण खोटी कंपनी का काढू नये, या विचारातून 1984 च्या सुमारास तिथे ‘मूट कॉर्प’ सुरू झाली. नॉर्थ कॅरोलायनातल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठाने तर ‘एलिव्हेटर पिच’ हा शब्दप्रयोग अक्षरशः घेतला. विद्यार्थ्यांना पैसेवाल्या गुंतवणूकदाराबरोबर खऱ्या लिफ्टमध्ये घातलं. दोनेक मिनिटांच्या त्या प्रवासात धंदा पटवायचा. मध्येच कोणी बटण दाबलं तर संपलंच!

‘हल्ट प्राइझ’ या विद्यार्थी स्पर्धेचं बक्षीस तब्बल दहा लाख डॉलर. 2013 मध्ये विषय होता अन्नटंचाई आणि ते बक्षीस नेलं कॅनडाच्या मॅकगिल विद्यापीठातल्या पाच एमबीएवाल्यांनी. त्यांचं उत्तर होतं, किडे खा! किडे पाळायला जागा कमी लागते, पाणी कमी लागतं आणि प्रथिनं भरपूर मिळतात. पुढे त्यांच्या कंपनीने कॅनडातल्याच लंडन शहरात रातकिड्यांचा भलामोठा कारखाना काढला. (आपल्याकडे श्रावणात हा धंदा बसलाच असता.) पुढच्याच वर्षी हेच बक्षीस भारतात आलं. हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेसच्या ‘नॅनोहेल्थ’ने झोपडपट्टीत घरोघरी मधुमेह-रक्तदाब तपासण्याची योजना मांडली होती.

त्याआधीही आपल्याकडची एक कल्पना अशीच गाजली होती. बिहारच्या तमकुहा गावात 2007 साली भाताच्या तुसावर दिवे लागले. ‘हस्क पॉवर’ या कंपनीचा हा प्रयोग दुसऱ्या वर्षी अमेरिकेतल्या विद्यार्थी स्पर्धांत उतरला आणि व्हर्जिनियात, टेक्सासमध्ये जिंकूनही आला.

स्पर्धांइतकेच वर्गातले खेळही मजेदार. एमआयटीतच प्राध्यापक जे फॉरेस्टर यांच्या मंडळींनी 1960 च्या आसपास ‘बीअर गेम’ तयार केला. थेंबभर बीअर नसते, हे आधीच सांगून टाकतो. गटात चौघं: दुकानदार, घाऊक व्यापारी, वितरक आणि कारखाना. एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त ऑर्डरची चिठ्ठी सरकवायची. प्रत्येकजण एकेक डॉलर टाकतो आणि जिंकणारा गट सगळा गल्ला नेतो. थोड्या वेळात सगळीकडे हाहाकार. दुकानात माल नाही म्हणून दुकानदार दुप्पट मागवतो, घाऊकवाला घाबरून चौपट, आणि शेवटी कारखान्याच्या गोदामात पेट्यांचा डोंगर. खेळ संपल्यावर सगळे गिऱ्हाइकाला शिव्या घालतात. मग सर पत्ते उघडतात: गिऱ्हाइकाने मागणी एकदाच, चार पेट्यांवरून आठवर नेली होती, पुढे तो हललाही नाही. तिथलेच प्राध्यापक जॉन स्टरमन यांनी 1989 मध्ये या खेळाचा हिशेब मांडला, तेव्हा गटांचा सरासरी खर्च सर्वोत्तम खर्चाच्या दहापट निघाला. चूक कोणाची, यावरचं भांडण मात्र फुकट.

स्पर्धांकडे परत यायचं तर आपल्याकडे पवईला आयआयटीच्या ई-सेलची, म्हणजे उद्योजकता मंडळाची, ‘युरेका’ गाजते. मुंबई-पुण्याच्या एमबीए वसतिगृहांत ‘केस कॉम्प’चा, म्हणजे कंपन्यांच्या केस स्पर्धांचा, हंगाम आला की ‘डेक’वर, म्हणजे सादरीकरणाच्या स्लाइड्सवर, रात्री जागतात. महिंद्राची ‘वॉर रूम’, हिंदुस्तान युनिलिव्हरची ‘लाइम’ या त्यातल्याच. चेकपेक्षा मोठं आमिष म्हणजे पीपीआय, अर्थात प्लेसमेंटच्या रांगेआधीच कंपनीची मुलाखत. एमबीएवाल्याला विचारा, तो आधी याबद्दलच बोलेल.

आणि आता एमबीएवाल्यांना न सांगायची गोष्ट. स्पॅगेटीच्या वीस काड्या, थोडी चिकटपट्टी, थोडा दोरा आणि एक मार्शमेलो. अठरा मिनिटांत उंच मनोरा उभारायचा, टोकावर मार्शमेलो ठेवायचा. डिझायनर पीटर स्किलमन यांची ही कल्पना टॉम वूजेक यांनी 2010 च्या टेड भाषणात गाजवली. त्यात बालवाडीतली पोरं एमबीएच्या ताज्या पदवीधरांना सर्रास हरवतात. पदवीधर आधी नेता ठरवतात, मग आराखडा, मग बांधकाम. मार्शमेलो शेवटच्या मिनिटाला ठेवतात आणि सगळं कोसळतं. पोरं पहिल्यापासून मार्शमेलो खोचून बघत राहतात. वूजेक यांनी डिझाइनच्या विद्यार्थ्यांच्या दहा गटांना एकदा दहा हजार डॉलरच्या सॉफ्टवेअरचं बक्षीस लावलं. एकाचाही मनोरा उभा राहिला नाही. बक्षीस तेवढं वाचलं.