वळिवड्याच्या छावणीतली शाळा

मंडळी, आपण आत्ता पन्हाळ्यावर बसलो आहोत. इथून पूर्वेला, कोल्हापूर ओलांडून पलीकडे वळिवडे गाव आहे. मिरजेच्या रेल्वेने जाताना त्याचं छोटं स्टेशन लागतं. १९४३ ते १९४८ या काळात तिथे सुमारे ५,००० पोलिश माणसं राहत होती. युद्धाने घरदार सुटलेल्यांचं शिक्षण, या विषयावर बोलायचं ठरलं तेव्हा आम्ही सीरियापासून सुरुवात करणार होतो. मग वाटलं, उदाहरण दारातच असताना इतक्या लांब कशाला जायचं?

ही माणसं इथवर आली कशी, ते थोडक्यात. १९३९ मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत रशियाने घेतला आणि पुढच्या दोन वर्षांत तिथली लाखो माणसं सायबेरियात, कझाकस्तानात नेऊन टाकली. १९४१ मध्ये जर्मनी रशियावर चालून आला, तेव्हा त्यांची सुटका झाली. त्यांतली काही १९४२ मध्ये इराणमार्गे बाहेर पडली. धडधाकट पुरुष सैन्यात गेले. इकडे आल्या त्या मुख्यतः बायका आणि मुलं. जामनगरजवळ बालाचडीला जामसाहेबांनी पोलिश मुलांना आसरा दिला, ती गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. आपली छावणी त्याहून कितीतरी मोठी, पण तिचं नाव मागेच राहिलं.

छावणीत कौलारू बराकी होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. आणि शाळा. बालवाडीपासून माध्यमिकपर्यंत, शिवाय धंदेशिक्षण आणि शिक्षक तयार करणारे वर्गसुद्धा. या मुलांची दोन-तीन वर्षं बुडालेली. वय एक आणि इयत्ता भलतीच, अशी गत. शिकवणारे बरेचसे त्यांच्यातलेच, म्हणजे तेही निर्वासितच. निर्वासित म्हणजे नुसता रांगेत ताट घेऊन उभा राहणारा, हे चित्र आपण डोक्यातून काढलेलं बरं.

माध्यम पोलिश, अभ्यासही पोलंडचा. कारण उघड होतं: युद्ध संपलं की घरी जायचं. पण फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला बड्यांची बैठक झाली आणि पूर्व पोलंड रशियाकडेच राहिला. म्हणजे ज्या गावी परतायचं, ते गाव पोलंडमध्येच उरलं नाही! जुलैमध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली. छावणीचा आधार असलेलं लंडनमधलं पोलिश सरकार अधिकृतपणे सरकारच राहिलं नाही. पुढे थोडे पोलंडला गेले, बाकीचे ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले.

मग ती पोलिश शाळा फुकट गेली का? आम्हाला तसं वाटत नाही. बुडालेली वर्षं भरून काढायची तर मुलाला समजणाऱ्या भाषेतच आणि ताबडतोब सुरुवात करावी लागते. आधी नवी भाषा, मग गणित, असं केलं असतं तर आणखी दोन वर्षं गेली असती. मात्र आता जगभर कल आहे तो अशा मुलांना यजमान देशाच्याच शाळेत घालण्याचा, आणि त्यालाही कारण आहे. निर्वासितपण सहसा लवकर संपत नाही, आणि छावणीतल्या शाळेचा दाखला बाहेर चालेलच असं नाही. आपल्या देशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. तरी २००९ चा शिक्षण हक्क कायदा ‘प्रत्येक बालक’ म्हणतो, ‘नागरिक’ म्हणत नाही. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये, असंही त्यात लिहिलंय. शाळेच्या खिडकीशी कागद मागतात तेव्हा हे कलम किती जणांना आठवतं, ते वेगळं.

वळिवड्याचं पुढे काय झालं, तेही सांगतो. पोलिश लोक गेले आणि त्याच जागी फाळणीत सिंध सोडून आलेली कुटुंबं आली. यांना परत जायचा प्रश्नच नव्हता; इथेच दुकान मांडायचं, इथलीच भाषा बोलायची. तेच आजचं गांधीनगर. लग्नाचा बस्ता बांधायला तुमच्यापैकी निम्मे तरी तिथे गेले असतील.