लुधियानाचे सुटे भाग, गोंदियाची सायकल

मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी मिळणारे अनुदान २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार रुपये झाले. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्याहून लांब असेल तर निळी एसटी, अशी ढोबळ वाटणी. गोंदिया जिल्ह्यातल्या देवरी-सालेकसाकडच्या घरात रोज चालवायची सायकल निवडताना हाच आकडा डोळ्यांसमोर असतो. बजेट सरकारने ठरवून दिले. पण त्यात कोणती सायकल टिकते, याचा निकाल या मुलखात कधीच लागलेला होता.

स्वातंत्र्यापूर्वी सायकल म्हणजे बहुतेक विलायती माल. रॅले, हर्क्युलिस, फिलिप्स ही नावे मालगुजारांच्या आणि वकिलांच्या ओसरीवर शोभायची. मग देशातच कारखाने उभे राहिले: १९४९ मध्ये मद्रासला टीआय, पुढे आसनसोलला सेन-रॅले, १९५१ मध्ये सोनीपतला ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानात हीरो. १९८६ साली तर हीरो जगातली सर्वांत मोठी सायकल उत्पादक म्हणून गिनेस बुकात गेली. नावे वेगळी, पण सांगाडा त्याच इंग्रजी सायकलीचा. अठ्ठावीस इंची चाके, लिव्हर ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, मागे लोखंडी कॅरिअर. त्यामुळे एका कंपनीचे फ्रीव्हील दुसरीच्या चाकाला बसे, आणि गावातल्या दुकानदाराला चार डब्यांत सगळ्या कंपन्या सांभाळता येत. या सायकलीचा खरा गुण हाच. तिचे पोलाद त्यानंतर.

वैनगंगेच्या खोऱ्यातला हा धानाचा सपाट मुलूख तिला मानवलाही. पुढे ४४ दाते, मागे १८. पायडलच्या एका फेरीत सुमारे साडेपाच मीटर. बांध्यांमधून जाणाऱ्या पांदणीवर याहून वेगळा गिअर हवा कशाला? डबल दांडीच्या सायकलीवर धानाचे पोते आणि दुधाच्या कॅन वाहिल्या गेल्या. गोंदियातल्या राइस मिलमध्ये पाळीला पोचणारा मजूर आणि स्टेशनच्या स्टँडवर सायकल लावून गाडीने अप-डाऊन करणारा बाबू, दोघांची सायकल एकाच जातीची. पोरे तिच्यावरच कैची मारत शिकली.

खोड्याही होत्याच. वीस किलोच्या घरातले वजन, आणि पावसात रिम ओली झाली की लिव्हर ब्रेकचा भरवसा संपला. सर्वांत छळवादी म्हणजे कॉटर. क्रँक धुरीला पकडून ठेवणारी ही बोटभर पिन झिजली की प्रत्येक फेरीला पायाखाली ‘टक्’ असा धक्का बसतो. तरीही हातोडी आणि नवी पिन असली की काम काही मिनिटांचे.

नव्वदच्या दशकात जाड टायरची, आडव्या हँडलची ‘रेंजर’ छापाची सायकल आली आणि पोरांना काळी सायकल म्हाताऱ्यांची वाटू लागली. पुढे स्वस्त शॉकअप आले, गिअर आले. शॉकअप वजन वाढवतो आणि पायाचा जोर खातो. गिअरची केबल दोन पावसाळ्यांत गंजते आणि ती बसवणारा गावात भेटेलच असे नाही. दिसायला झकास, पण कमी पैशांत असली चैन म्हणजे दुरुस्तीचे आमंत्रण. त्यापाठोपाठ हप्त्यावरची मोटरसायकल आली आणि कर्ते पुरुष सायकलीवरून उतरले. ३ जून २०२० रोजी, नेमक्या जागतिक सायकल दिनी, ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना थांबला. ज्यांच्या घरी तिची सायकल होती त्यांचे फारसे अडले नाही. भाग दुसऱ्या कंपनीचे बसतच होते.

आता या सायकलीची खरी गिऱ्हाईक शाळकरी मुलगी. पाच हजारांत बिनगिअरची लेडीज सायकल बसते, तीही कशीबशी. इथे एक गोष्ट पालकांच्या ध्यानात येत नाही. नवी सायकल बहुधा दुकानात सुट्या भागांत येते आणि तिथेच जोडली जाते. घाईत जोडलेल्या सायकलीत हबमध्ये ग्रीस अपुरे, तारा ढिल्या. म्हणून फ्रेमवरच्या स्टिकरपेक्षा फिटिंग पाहावे. चाक उचलून फिरवावे, रिम डुलते का बघावे. क्रँक हलवून खटका लागतो का ते पाहावे. महिनाभराने तारा पुन्हा आवळून देण्याचे दुकानदाराकडून कबूल करून घ्यावे. डुलणारी रिम पहिल्याच पावसाळ्यात तारा तोडू लागते.

पक्की पावती घ्यायलाच हवी, कारण योजनेतले साडेतीन हजार आधी खात्यात येतात आणि उरलेले दीड हजार पावती दिल्यावर. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. पाच हजारांच्या मूळ किमतीवर हा फरक साडेतीनशे रुपयांचा. कुलूप आणि जादा ट्यूब यांचा बराचसा खर्च त्यात निघतो.