हात गार, ब्रेक बेकार!

डिसेंबर उजाडला की ऑफिसच्या कॅण्टीनमध्ये वीकएण्डचे बेत शिजायला लागतात. शुक्रवारी मेसेज फिरतो, ‘उद्या पहाटे साडेचार, कल्याण. चलो माळशेज!’ जॅकेट कपाटातून बाहेर येतं, हेल्मेटची काच पुसली जाते, कॅमेरा चार्जिंगला लागतो. आणि हात? ते बिचारे उघडेच! मग मुरबाड येईपर्यंत बोटांची अशी कुल्फी होते, की टपरीवर चहाचे पैसे द्यायला खिशातलं पाकीटही निघत नाही.

मित्र हसतात, आपणही हसतो. पण मामला दिसतो तेवढा गमतीचा नाही. बाइकवर क्लच आणि पुढचा ब्रेक बोटांच्याच हवाली असतो.

एवढी थंडी येते कुठून?

मुंबईकरांना थंडीची तशी सवय नाही. कल्याण सोडून रायत्याचा उल्हास नदीवरचा पूल ओलांडला, की हवा एकदम बदलते. रात्री जमीन निवते, थंड हवा जड होऊन खोलगट भागात आणि नदीकाठी साचते. म्हणूनच पहाटे पुलावर जो काटा येतो, तो चढावर थोडा कमी होतो. शहापूरकडे भातसाच्या खोऱ्यातही हाच अनुभव.

त्यात भर वाऱ्याची. अमेरिका आणि कॅनडात २००१ पासून वापरात असलेल्या सूत्रानं हिशोब केला, तर १० अंश तापमानात ताशी ६० किलोमीटरचा वारा उघड्या त्वचेला सुमारे ५ अंशांसारखा वाटतो. म्हणजे हवामान खात्याचा आकडा काहीही असो, हॅण्डलवरची थंडी वेगळीच!

शरीराचंही एक राजकारण असतं. गारठा वाढला की ते हृदय, फुप्फुसं सांभाळतं आणि बोटांचा रक्तपुरवठा कमी करतं. बोटं बधिर होतात, हालचाल मंदावते. ताशी ६० म्हणजे सेकंदाला जवळपास १७ मीटर. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला, तरी गाडी ८ मीटर पुढे गेलेली असते. धुक्यातून अचानक बैलगाडी समोर आली तर हेच ८ मीटर महागात पडतात. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यात म्हशाची जत्रा भरते, जनावरांचा मोठा बाजार असतो. त्या दिवसांत या रस्त्यावर जरा जास्तच जपून.

मग करायचं काय?

पहिली गोष्ट, छाती झाका. हो, हातांसाठीच! धड उबदार राहिलं तर शरीर बोटांकडे रक्त पाठवायला कंजुषी करत नाही. जॅकेटच्या आत छातीवर कालचा पेपर पसरून चेन लावा. वारा अडतो, खर्च शून्य. मानेभोवती मफलर हवाच. फक्त त्याची टोकं जॅकेटच्या आत खोचा, वाऱ्यावर सोडू नका.

दुसरी, ग्लोव्हज नीट निवडा. नुसते लोकरीचे हातमोजे दिसतात झकास, पण त्यांच्यातून वारा आरपार जातो. आत पातळ मोजा आणि वर वारा अडवणारा, बाइकसाठीच बनवलेला ग्लोव्ह, ही जोडी बेस्ट. घट्ट घेऊ नका. बोटं आवळली की रक्तही अडतं. मनगटावर फट नको. आणि घेताना दुकानातच लिव्हर दाबून बघा, जाड ग्लोव्हमध्ये ब्रेक जाणवलाच नाही तर उपयोग काय?

तिसरी, हॅण्डलला हॅण्डगार्ड लावा. समोरचा वारा त्यावर आपटतो, बोटं बचावतात. गरम होणाऱ्या ग्रिप्सही मिळतात, पण त्या बॅटरीवर चालतात. छोट्या बाइकवर बसवण्याआधी मेकॅनिकला विचारा.

चौथी, थांबा. मुरबाड, सरळगाव, टोकावडे, वाटेत चहा मिळेलच. गरम ग्लास दोन्ही हातांत धरा. मग खांद्यातून हात गोल गोल फिरवा, रक्त बोटांच्या टोकापर्यंत पोचतं. लोक बघतील, बघू देत! चहासोबतची सिगरेट मात्र नको. निकोटिननं रक्तवाहिन्या आणखी आकसतात. ‘थोडी घेतली की ऊब येते’ म्हणणाऱ्या मित्राला तर मागच्या सीटवरही बसवू नका. दारूनं त्वचेतून उष्णता उलट वेगानं निघून जाते, आणि पिऊन गाडी चालवणं हा गुन्हा आहेच.

एक मात्र अजिबात करू नका. बधिर हात तापलेल्या इंजिनला किंवा सायलेन्सरला टेकवू नका. संवेदना नसलेल्या हाताला भाजलेलं कळतही नाही. आणि दर थंडीत बोटं पांढरी-निळी पडत असतील, तर ग्लोव्हज बदलण्याआधी डॉक्टर गाठा.

आणि सगळ्यात सोपा उपाय? पहाटे साडेचारऐवजी साडेसहाला निघा. उन्हं वर येता येता वैशाखरे येईल आणि समोर घाट उजळायला लागेल. शिवाय दोन तास जास्त झोप. वीकएण्डला यापेक्षा अजून काय हवं?