पाठांतरापलीकडची इंग्रजी

महाराष्ट्रात २००० पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यापूर्वी ते पाचवीत सुरू होई. त्यामुळे सहावी ते आठवीच्या वर्गात आता मुळाक्षरांपेक्षा उतारा समजून घेणे, संवाद साधणे, पत्र किंवा परिच्छेद स्वतः लिहिणे अपेक्षित असते. प्रत्यक्षात अनेकदा फळ्यावरची उत्तरे वहीत उतरतात आणि तीच परीक्षेत लिहिली जातात. देशाच्या ग्रामीण भागातील १४ ते १८ वयोगटाच्या २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत सुमारे ५७ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्ये वाचता आली, पण वाचू शकणाऱ्यांपैकीही जवळपास एकचतुर्थांश मुलांना अर्थ सांगता आला नाही. म्हणजे उच्चार जमला तरी आकलन आपोआप येत नाही. ते वर्गात घडवावे लागते.

आकलन आणि संवादावर असा भर देण्यावर आक्षेप असा, की व्याकरण पक्के नसेल तर मुले चुकीचेच बोलतील. व्याकरण हवेच, मात्र काळाचे नियम पाठ असूनही कालची घटना सांगता येत नसेल, तर ते ज्ञान अपुरे आहे. मोठ्या पटाच्या वर्गात प्रत्येकाला बोलते करणे अवघड, हेही खरे. तरी जोडीने प्रश्नोत्तरे करायला वेगळा खर्च लागत नाही. उताऱ्याचा अर्थ मराठीत सांगू देणेही कमीपणाचे नाही, कारण समजलेलेच पुढे इंग्रजीत मांडता येते.