चालत्या कोडची नवी जागा
(लेखांक ७)

एकदा लिहिलेला कोड पुन्हा वापरला की वेळ आणि श्रम कसे वाचतात, ते मागच्या लेखात पाहिले. आता त्यातला धोका. ‘चालत्या कोडला हात लावू नकोस,’ हे आयटी कंपनीत रुजू होणाऱ्या बहुतेक मुलामुलींना लवकरच ऐकायला मिळते. हा सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. तो किती महागात पडू शकतो, हे एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात दिसले.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू तळावरून ते झेपावले. पोटात ‘क्लस्टर’ मोहिमेचे चार उपग्रह होते. चाळीस सेकंदही झाले नव्हते, तोच सुमारे ३,७०० मीटर उंचीवर रॉकेट एकाएकी वळले, मोडू लागले आणि त्याने स्वतःला उडवून दिले.

दिशा आणि वेग मोजणाऱ्या यंत्रणेचे सॉफ्टवेअर एरियान ४ मधून उचललेले होते. त्यात आडव्या वेगाशी निगडित एक संख्या ६४ बिटांतून १६ बिटांत बदलली जाई. १६ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकात ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. एरियान ४ मध्ये तो कधी तिथवर पोचत नसे. एरियान ५ चा आडवा वेग मात्र सुरुवातीला पाचपट झपाट्याने वाढत होता. आकडा मावला नाही, एरर आला आणि यंत्रणा बंद पडली. बॅकअप? त्यातही तेच सॉफ्टवेअर, त्यामुळे तोही क्षणभर आधी त्याच कारणाने बंद पडला होता. बंद पडताना यंत्रणेने पाठवलेला बिघाडाचा तपशील मुख्य संगणकाने उड्डाणाची खरी माहिती समजून वाचला आणि नसलेली चूक सुधारण्यासाठी इंजिनांचे नॉझल कमाल कोनात वळवले.

मन विषण्ण होते ते पुढचे वाचून. हे गणित एरियान ५ ला उड्डाणानंतर लागतच नव्हते. काउंटडाउन शेवटच्या क्षणी थांबले तर ते लवकर पुन्हा सुरू करता यावे, म्हणून एरियान ४ मध्ये ते थोडा वेळ चालू ठेवत. चालते आहे, मग कशाला बदला, म्हणून नव्या रॉकेटमध्येही ते तसेच राहिले.

गणितज्ञ जाक-लुई लिऑन्स यांच्या चौकशी मंडळाने जुलै १९९६ मध्ये अहवाल दिला. अशा सात संख्यांपैकी चारांना संरक्षण होते. संगणकावरचा भार ८० टक्क्यांच्या आत राहावा म्हणून तीन तशाच सोडल्या होत्या. हा निर्णय एरियान ४ साठी समजून घेता येतो. पण एरियान ५ च्या मार्गाची आकडेवारी या यंत्रणेच्या गरजांच्या दस्तऐवजात घालायची नाही, असे सर्व संबंधितांनी मिळून ठरवले होते. माझ्या मते खरी चूक ही. गरजांत जे लिहिलेले नाही, त्याची टेस्ट कोण करणार? अपघातानंतर खऱ्या मार्गाचे आकडे घालून सिम्युलेशन केले, तेव्हा तोच बिघाड जमिनीवर हुबेहूब घडला.

पुढच्या आठवड्यात गरजांचा दस्तऐवज कसा लिहायचा ते पाहू. तोवर आपल्या प्रोजेक्टमध्ये दुसरीकडून आणलेले एक फंक्शन उघडा. त्याला जास्तीत जास्त किती मोठी किंमत चालते, हे तिथे लिहिले आहे का ते पाहा. नसेल तर लिहा आणि त्या मर्यादेपलीकडची एक टेस्ट आजच चालवा.